जुन्या गाडीचं आतलं फाडून फेकू नका

पन्नास वर्षं जुनी गाडी दुरुस्तीला काढली की आपल्याकडे सगळा जीव इंजिनावर आणि बाहेरच्या रंगावर असतो. कार्बोरेटरसाठी मालक नागपूर-मुंबईच्या चकरा मारतो, बोनेटवरच्या अक्षरांसाठी भंगारबाजार पालथे घालतो, रंगाची छटा जुळावी म्हणून पेंटरशी वाद घालतो. आणि आतलं? सीटा, डोअर पॅड, छताचं कापड, पायाखालची मॅट हे सगळं पहिल्याच दिवशी उचकटून गॅरेजच्या मागं टाकलं जातं. पावसात ते कुजतं, त्याला उंदीर लागतात आणि महिन्याभरात भंगारवाला घेऊन जातो. माझा याला विरोध आहे. जुनी गाडी जपायची असेल तर ती आतूनही कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे, आणि तशी करता यावी म्हणून जुनं सामान आधी नीट वाचलं पाहिजे. माझा स्वतःचा धंदा गाडीच्या सीटा शिवण्याचा आहे. जुनं फाडून नवं शिवण्यातच आमची कमाई असते. तरीही हे मी पूर्ण विचारानं लिहितो आहे.

चंद्रपुरात आमचं कुशन वर्कचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ला तो झाला. तोवर वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत एकच जिल्हा, आणि त्यातली बरीचशी वाहनं या ना त्या प्रकारे जंगलाशी बांधलेली. लाकूड ठेकेदारांच्या जीपा, तेंदूपत्त्याच्या हंगामात पानं गोळा करण्याच्या फळ्याफळ्यांवर फिरणाऱ्या जीपा, आलापल्लीकडून सागवान आणणारे ट्रक, बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबू नेणारे ट्रक. डॉक्टर-वकिलांच्या दारात फियाट, साहेबांच्या दिमतीला अँबेसेडर. या सगळ्यांच्या सीटा आमच्या दुकानात उघडल्या गेल्या. गाडी आतून कशी बांधलेली असते हे मी पुस्तकातून शिकलो नाही, दाभण हातात धरून शिकलो.

आता जुन्या गाडीची हौस आमच्याकडेही आली आहे. आजोबांची फियाट गोठ्यातून बाहेर निघते, शेतावर पडलेली जीप क्रेननं उचलून आणली जाते. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पोरं येतात ती मोबाइलवर फोटो घेऊनच. चौकटी-चौकटीची शिलाई, काळ्या रेक्झिनवर लाल दोरा, डॅशबोर्डावर लाकडी छापाचा कागद, छतात निळे दिवे. “काका, आतून एकदम नवी करून टाका,” हे वाक्य ठरलेलं. मी त्यांना विचारतो, की बाबा, बाहेरून १९६८ची आणि आतून आजची, अशी गाडी रस्त्यावर कधी होती का? मग तू जपतो आहेस ते नेमकं काय?

आतल्या कामाचं मोल लोकांच्या लक्षात का येत नाही, तेही सांगतो. गाडीचा बाहेरचा रंग तिच्या आयुष्यात अनेकदा बदललेला असतो. इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं बदललेली असतात. टायर, बॅटरी, वायरिंग तर बदलणारच. पण मागच्या सीटखालचं गोणपाट, डोअर पॅडची मागची बाजू, छताच्या कापडाच्या कडा ज्या पट्टीखाली दाबलेल्या असतात ती जागा, इथे कारखान्यातल्या माणसानंतर बहुतेकदा कुणाचाच हात पोचलेला नसतो. म्हणजे जी जागा आपण कचरा समजून उपसून काढतो, तीच गाडीत सगळ्यात कमी बदललेली असते. ती गाडी मुळात कशी होती, हे सांगणारा खात्रीचा साक्षीदार तिथेच बसलेला असतो.

फियाटचंच घ्या. मुंबईत कुर्ल्याला ती बनायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि ११०० मॉडेल इथे जोडलं जाऊ लागलं. गोलसर पाठीची ती पहिली गाडी सगळ्या महाराष्ट्रानं ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली. १९६४च्या सुमारास चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली. तीच पुढे १९७४पासून प्रीमियर पद्मिनी या नावानं विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे एकसंध लांब सीट, आणि दाराच्या कोपऱ्यात ती तिकोनी काच, जी वळवली की मे महिन्यातही वाऱ्याचा झोत थेट छातीवर यायचा. मुंबईची टॅक्सी म्हणून तिचा प्रवास ३० ऑक्टोबर २०२३ला संपला तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. पण त्या गाडीच्या सीटवर मूळची शिलाई कशी होती, हे आज दाखवायचं म्हटलं तर किती गाड्या सापडतील?

अशी एक डिलाइट आमच्याकडे आली होती. मालकाचे आजोबा डॉक्टर, गाडी घरात एकाच कुटुंबाकडे राहिलेली. वरून पाहिलं तर सीटवर जाड चॉकलेटी रेक्झिन, अगदी अलीकडचं. मी ते कापलं नाही, टाके उसवून काढलं. खाली आणखी एक थर निघाला, त्याच्याही खाली मूळचा. काळाकुट्ट आणि तडकलेला. बोटानं दाबलं तर पापुद्रे निघायचे. मालक म्हणाला, यात आता काय राहिलं आहे? मी डोअर पॅडवरची चमकती पट्टी सोडवली. तिच्या खाली बोटभर रुंदीची जागा होती, जिथे ऊनही पोचलं नव्हतं आणि हातही लागला नव्हता. तिथला रंग ताजा होता, फिकट हिरवट-करडा. सगळी गाडी आतून काळी दिसत होती ती धुळीनं, घामानं आणि उन्हानं. मूळ रंगाचा पुरावा त्या पट्टीनं झाकून ठेवला होता.

मग शिलाई. आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. कापडातलं सुईचं भोक धुतलं, चोळलं की मिटतं. रेक्झिनमधलं भोक कधीच बुजत नाही. त्यामुळे जुन्या कव्हरमधला दोरा कुजून गेला तरी शिलाईची ओळ वाचता येते. एका इंचात किती टाके होते, पट्ट्या किती रुंद होत्या, पायपिंग कडेला होतं की मधल्या जोडावरही होतं, पहिली शिलाई कोणती आणि नंतरच्या दुरुस्तीची कोणती, हे सगळं त्या भोकांवरून कळतं. मी कव्हर फरशीवर उलटं पसरलं आणि भोकांवर खडू फिरवला. पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा उमटल्या. त्यावरून कागदी फर्मा कापला, आणि नव्या रेक्झिनचा प्रत्येक तुकडा त्या फर्म्यावर बेतला. ते कव्हर पहिल्याच दिवशी उकिरड्यावर गेलं असतं, तर मला अंदाजानं शिवावं लागलं असतं. अंदाजानं शिवलेली सीट छान दिसू शकते, पण तिला त्या गाडीची सीट म्हणता येत नाही.

सीटच्या पोटातली गोष्टही तशीच. आज कुणीही स्प्रिंगवर फोमचा ठोकळा टाकून मोकळा होतो. जुन्या सीटमध्ये स्प्रिंगवर गोणपाट बांधलेलं, त्यावर काथ्याचा थर, त्यावर कापूस, मग रेक्झिन. फोमची सीट पहिल्या दिवशी मऊ लागते, पण फोम काही वर्षांत उष्णतेनं आणि दमटपणानं भुकटी होऊन खाली सांडू लागतो. चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो, बंद गाडीच्या आत तर त्याहून किती तरी जास्त. काथ्यातून हवा खेळते, अंग कमी शिजतं. त्याचे दोषही आहेत. तो भिजला की दबतो आणि त्यात उंदीर घर करतात. पण त्या सीटवर बसायची जी उंची होती, स्टिअरिंग छातीला जिथे यायचं, बोनेट डोळ्यांना जितकं दिसायचं, ते सगळं त्या काथ्याच्या थरानं ठरवलेलं होतं. फोम दोन बोटं जास्त घातला की डोकं छताला लागतं आणि मग माणसं म्हणतात, जुन्या गाड्या बसायला वाईटच होत्या.

कारखान्यानं केलेली प्रत्येक गोष्ट कशासाठी केली होती, हे समजून घेतल्याशिवाय ती बदलू नये, हे मला डोअर पॅडनं शिकवलं. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी जातंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी सोय असते. पॅड मात्र हार्डबोर्डचं. ते भिजू नये म्हणून दाराचा पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये डांबरी कागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. घाईत काम करणारा तो पडदा फाडून टाकतो, कारण वरून तो दिसतच नाही. आणि मग पहिल्या पावसाळ्यात नवं कोरं महागडं पॅड फुगून वाकडं होतं. आपल्याकडचा पाऊस साधा नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, अशा मुलखात फिरलेल्या गाड्या आहेत या. तसंच मॅटचं. मूळची रबरी मॅट उचलून पुसता येते, खालचा ज्यूटचा फेल्ट बाहेर काढून वाळवता येतो. तिच्या जागी गुबगुबीत कार्पेट चिकटवलं की खाली ओल धरते आणि तळाचा पत्रा गंजून चाळणी होतो. कारखान्याचं ते योग्य, असं मी म्हणतो ते केवळ भक्तीपोटी म्हणत नाही. त्यामागे हिशेब होता.

छताचं काम सगळ्यात नाजूक. कापड तारेच्या कमानींवर ताणून बसवलेलं असतं. प्रत्येक कमान थोड्या वेगळ्या लांबीची आणि वेगळ्या वळणाची, आणि तिचं भोकही ठरलेलं. काढताना खुणा केल्या नाहीत तर पुन्हा कितीही ताणलं तरी सुरकुती जात नाही. मग लोक कमानीच काढून टाकतात आणि पत्र्याला फोम चिकटवून त्यावर कापड मारतात. उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि छत डोक्यावर लोंबतं. आम्ही छताचं काम मुद्दाम मे महिन्याच्या दुपारी काढतो. कापड आधी उन्हात पसरायचं, ते सैल आणि मऊ झालं की मधल्या कमानीपासून दोन्ही बाजूंना ताणत जायचं. संध्याकाळी ते गार होताना स्वतःच ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. चंद्रपूरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण या कामात आम्ही त्याचीच मदत घेतो.

आता एक प्रामाणिक अडचण. ‘कारखान्यातून निघाली तशी’ म्हणजे नेमकी कशी, हे परदेशातल्या गाड्यांच्या बाबतीत बऱ्याचदा छापील पुस्तकात सापडतं. कोणत्या वर्षी कोणता रंग, कोणती शिलाई, सगळं. आपल्याकडे तो काळ परवान्यांचा आणि टंचाईचा होता. आयातीवर बंधनं, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. मॉडेल तेच राहिलं तरी मिळेल तो माल वापरून गाड्या पुढे सरकत. त्यामुळे दोन गाड्यांच्या आत फरक दिसला की एक खोटी असलीच पाहिजे असं मी मानत नाही. यावरून काही जण म्हणतात, मग काहीही बसवलं तरी चालेल. मी याच्या नेमकं उलट म्हणतो. पुस्तकात उत्तर नाही म्हणूनच गाडीतला तुकडा न् तुकडा मोलाचा. तुमच्या गाडीचा कागदोपत्री पुरावा कुठेही नसेल, तर तुमच्या गाडीच्या सीटखाली जे आहे तेच तिचं एकमेव दप्तर.

सरकारी नियमात या दप्तराला जागा नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली. नंबरपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. हा निर्णय चांगला आहे आणि मी त्याचं स्वागत करतो. पण मूळ स्वरूप म्हणजे काय हे सांगताना नियम बोलतो तो चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या फेरफाराबद्दल. आतल्या सामानाचा उल्लेख नाही. म्हणजे १९६५च्या गाडीत आतून सगळं आधुनिक करून टाकलं तरी कागदावर ती मूळ स्वरूपातलीच राहू शकते. माझी मागणी साधी आहे. नोंदणीच्या अर्जासोबत आतल्या बाजूची छायाचित्रं आणि काय मूळचं, काय नवं याची एक पानी नोंद मालकानं जोडावी. कुणाचा अर्ज त्यावरून फेटाळू नये. पण नोंद व्हावी. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिवानं, २०१२मध्ये ट्यूरिन सनद मंजूर केली तिचाही आग्रह हाच आहे: शक्य तितकं मूळचं राखा, बदलाल ते ओळखू येईल असं ठेवा, केलेल्या कामाची नोंद करा. देवळाच्या जीर्णोद्धारात पुरातत्त्व खातं जी शिस्त पाळतं, तीच शिस्त गाडीला लावायची आहे.

इथे कुणी विचारेल, मग गाडी वापरणाऱ्यानं केलेले बदल सगळे पुसून टाकायचे का? नाही. आणि या बाबतीत आपल्या जंगलपट्ट्यातली उदाहरणं मला जास्त शिकवून गेली. बाबा आमटे यांना कण्याच्या आजारामुळे बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५च्या अखेरीस भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत देशभर गेले. अशा वाहनातली झोपायची सोय काढून तिथे कारखान्याची सीट बसवणं म्हणजे इतिहास पुसणं होईल. ताडोब्याच्या जिप्सींचंही तसंच. मारुती जिप्सी १९८५मध्ये बाजारात आली. आपल्या जंगलात तिचं छत निघालं, मागे उंच बाकं बसली, पर्यटकांना धरायला दांड्या आल्या. उद्या कुणी ताडोब्याची जिप्सी जपायची म्हणेल, तर ती त्याच बाकांसह जपली पाहिजे. या जिल्ह्यानं ती जिप्सी तशीच पाहिली आहे.

ट्रकची गोष्ट तर आणखी वेगळी. जुने ट्रक कारखान्यातून यायचे ते नुसती चासी आणि पुढचं तोंड घेऊन. केबिन बांधायचे स्थानिक सुतार, पत्रा मारायचे स्थानिक कारागीर आणि आतली गादी, दाराचं रेक्झिन, छताची झालर शिवायचे आमच्यासारखे दुकानदार. सागवानी चौकट, त्यावर रेक्झिन, कडेनं पितळी डोक्याचे खिळे. आलापल्लीच्या लाकडावर चालणाऱ्या ट्रकची केबिन आलापल्लीच्याच लाकडाची असण्यात कुणाला नवल वाटत नसे. त्या कामाचा नकाशा कुठल्याही कंपनीकडे नाही, कारण तिथे कारखाना म्हणजे आम्हीच होतो. असा एखादा जुना ट्रक आज मिळाला तर त्याची केबिन मोडून कंपनीची तयार केबिन चढवणं हे मला सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

म्हणून मी एकच कसोटी लावतो. बदल गाडीच्या कष्टाच्या काळात, कामाच्या गरजेतून झाला असेल तर तो गाडीचा आहे, तो राहू द्या. बदल आज, हौसेसाठी, दाखवण्यासाठी होत असेल तर तो गाडीचा नाही. तो करू नका. करायचाच असेल तर असा करा की उद्या काढून टाकता येईल. सीटवर वेगळं कव्हर चढवा, मूळची शिलाई कापू नका. म्युझिक सिस्टीम हवी तर डब्यात बसवा, लोखंडी डॅशबोर्डाला भोक पाडू नका. कव्हर निघतं, पण पत्र्याला पाडलेलं भोक कायमचं.

जीपच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त सांगावं लागतं. महिंद्राची उंच बोनेटची सीजे-३बी ही चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांची खरी गाडी. अमेरिकेत विलीजनं ती १९५३मध्ये आणली आणि १९६८मध्ये बंद केली. भारतात ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. उघड्या जीपला आतलं म्हणून काय असतं, असं लोकांना वाटतं. चपट्या गाद्यांच्या दोन सीटा, मागची बाकं, ताडपत्रीचं हूड, त्याच्या पट्ट्या आणि बकलं, लोखंडी डॅशबोर्ड आणि त्यावर गिअर कसे टाकायचे हे दाखवणारी छोटी पत्र्याची पाटी. एवढंच. पण थोडंच असल्यामुळे त्यातलं एकेक काढलं की जीपच उरत नाही. आज दुरुस्त होऊन येणाऱ्या जीपांमध्ये बादलीसारख्या खोल सीटा असतात, डॅशबोर्ड फायबरचा असतो, ती पाटी तर कुठेच नसते. रंगाचा हात मारताना पेंटरनं ती काढलेली असते आणि नंतर कुणाला आठवलेली नसते. रिव्हेट कापून काढलेली अशी पाटी मी डबीत घालून मालकाच्या हातात देतो आणि सांगतो, हिला पॉलिश करू नका, हिच्यावरची अक्षरं झिजली आहेत ती माणसांच्या बोटांनी.

आता वेळ कमी आहे. पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं १ एप्रिल २०२३पासून नोंदणीतून बाद करायची असा केंद्राचा निर्णय आहे. धूर आणि अपघात यांचा विचार करता तो मला मान्य आहे. पण वन, आरोग्य, महसूल या खात्यांच्या ज्या जीपा आणि अँबेसेडर या दोन जिल्ह्यांत कानाकोपऱ्यांत फिरल्या, त्या सगळ्याच एकाच वजनकाट्यावर चढवू नयेत. कोणत्या जीपमधून लसी गेल्या, कोणत्या जीपमधून वणवा विझवायला माणसं गेली, हे सांगणारं एकेक वाहन तरी जिल्ह्यात राहावं. चंद्रपूरला वन अकादमी आहे. तिथे एक जीप आतल्या सामानासकट, दुरुस्तीच्या खुणांसकट, रस्त्यावर न चालवता नुसती ठेवायला किती जागा लागेल? नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं, लोक पोरांना घेऊन बघायला जातात. जंगलातल्या वाहनांचंही तसं एक छोटं दालन चंद्रपुरात व्हावं, हे माझं मागणं आहे.

खर्चाचा मुद्दा मी टाळणार नाही. मूळच्यासारखं काम महाग पडतं, कारण त्यात सामानापेक्षा वेळ जास्त जातो. फर्मे कापणं, काथ्या बसवणं, रंग जुळेपर्यंत रेक्झिनचे नमुने मागवणं. ज्याच्या घरी ती गाडी रोज कामाला जाते, त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे आणि सोयीप्रमाणे सीटा शिवाव्यात. त्याला मी हे सगळं सांगणार नाही. पण ज्यानं इंजिन आणि रंगावर लाखभर रुपये घातले आहेत, त्यानं आतल्या कामाला आल्यावर हात आखडू नये. आणि हा पैसा जातो कुठे? गावातल्याच कारागिराच्या घरी. हातानं काथ्या बसवणारे, दाभणानं कड बांधणारे, छताचं कापड ताणणारे हात आता मोजकेच उरले आहेत. तयार कव्हरं ऑनलाइन मागवून घालणाऱ्या पोराला हे कोण शिकवणार? चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना काही दिवस तरी हे काम शिकवावं. मी शिकवायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखीही निघतील.

जुनी गाडी घरात असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गॅरेजला देण्याआधी चारही दारं उघडून आतले फोटो काढा. सीट उलटी करून खालचेही काढा. जे निघेल ते एका पोत्यात भरा, कडुनिंबाचा पाला टाका, बाहेर गाडीचा नंबर आणि तारीख लिहा. नवं शिवून झाल्यावरही ते पोतं फेकू नका. रंग, शिलाई आणि काथ्या कळेल असा वीतभर तुकडा तरी गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कुशनवाल्याला अंदाजानं काम करावं लागणार नाही. कारागिरांनाही सांगतो. गिऱ्हाईक घाई करेल, जुनं फेका म्हणेल. तरी आधी टाके उसवा, फर्मा कापा, मगच कात्री लावा. त्यासाठी अर्धा दिवस जास्त लागतो आणि त्याचे पैसे मागायला लाजू नका. नीट समजावून सांगितलं की मालक देतात, हा माझा अनुभव आहे.